बारकोड लावलेलं तपेलं

बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड कापून स्टीलच्या झाऱ्यावर चिकटवणारी बाई अख्ख्या नंदुरबारात एकच आहे आणि ती मी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. मी नाही सांगितलं तर आमच्या गल्लीतलं कोणीतरी सांगणारच. आणि दुसऱ्याने सांगितलं की झाऱ्याची कढई होते, बिस्किटाचा साबण होतो आणि शेवटी मला धुळ्याच्या डॉक्टरला दाखवून आणलं इथपर्यंत गोष्ट जाते. त्यापेक्षा काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या महिला मंडळाकडे चौसष्ट भांडी आहेत. कोणी परात दिली, कोणी डबे दिले, कोणी सासूच्या नावाने पिंप दिलं, असं करत जमलेली. गल्लीत साखरपुडा असो, बारसं असो की तेरावं, ज्याला लागतील त्याने न्यावीत, घासून आणून द्यावीत. ती असतात हिलाल अण्णांच्या रस्त्याकडच्या खोलीत. किल्ली माझ्याकडे, कारण मी मंडळाची सचिव. सचिव म्हणजे बाकीच्या बायकांना किल्ली सांभाळायचा कंटाळा आला की जिला हार घालतात ती.

भांड्यांवर नावं घातलेली आहेत. पण गल्लीत गिराशांचीच आठ घरं, त्यात आद्याक्षरं तीच तीच. ‘आ. दि. गि.’ कोरलेल्या तीन पराती तीन वेगळ्या बायकांच्या आहेत आणि तिघी आजही एकमेकींशी बोलतात ही देवाची कृपा. गेल्या संक्रांतीला मात्र दोघींचं बोलणं आठ दिवस बंद पडलं. त्याच आठवड्यात मी सुरतेला गेले होते. तिथल्या दुकानात एक पोरगी पिशवीतली वस्तू काढायची, यंत्रासमोर धरायची, ‘टुक्’ व्हायचं, आणि त्या वस्तूची जन्मकुंडली पडद्यावर यायची. मला एकदम आमची चौसष्ट भांडी दिसली. घरी येऊन तीन दिवस फोनवर व्हिडिओ पाहिले. माझं सगळं शिक्षण तसंच झालं आहे, ब्लाउज शिवण्यापासून वाक्य लिहिण्यापर्यंत. फोनमध्ये बारकोड वाचायचं एक फुकटचं ॲप मिळालं. आता फक्त बारकोड हवे होते. आणि बारकोड तर घरात प्रत्येक पुड्यावर होते.

मी कात्री घेतली.

चूक कुठे झाली ते तुमच्या आत्तापर्यंत लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. एकाच कंपनीच्या एकाच बिस्किटाच्या सगळ्या पुड्यांवर बारकोडही एकच असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अठरा झाऱ्यांना अठरा बारकोड लावले आणि फोनच्या मते तो एकच झारा होता, अठरा वेळा दाखवलेला. शिवाय ॲप फार हुशार निघालं. पिंपासमोर फोन धरला की ते सांगायचं, ‘चहा पावडर, अडीचशे ग्रॅम.’

आमचे हे खुर्चीत बसून बघत होते. “छान शे,” म्हणाले, “मंग आज च्या पिंपमाच कर.”

हिलाल अण्णा तर आधीपासूनच विरोधात होते. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत काढली आहेत. जगातल्या प्रत्येक वस्तूवर चुन्याने नंबर टाकता येतो आणि टाकलाच पाहिजे, असं त्यांचं मत आहे. “वहिनी,” ते म्हणाले, “चुना आन् ब्रश. मन्हा हातखाले म्हैस गयी, मोटरसायकल गयी, एकदाव तर वरपक्षाचा घोडा गया. येक बी चुकनं नही.”

“अण्णा, पातेल्यावर चुना राहील का?”

“घासू नका मंग,” अण्णा म्हणाले.

त्यानंतरचा प्रयोग थोडक्यात सांगते, कारण त्याची मला अजून लाज वाटते. फोन नुसता जवळ नेला की वस्तू ओळखू येते, असे गोल चकतीसारखे टॅग मिळतात. स्पर्शाचीही गरज नाही, असं जाहिरातीत म्हटलं होतं. मी वीस मागवले. ते आल्यावर कळलं की ही सोय माझ्या फोनमध्ये नाही, ह्यांच्या नव्या फोनमध्ये आहे. तो फोन मला ह्यांच्या देखरेखीखाली वापरायला मिळाला. परातीला चकती लावली, फोन जवळ नेला. काही नाही. टेकवला. काही नाही. जरा जोरात टेकवला.

“दार ठोकी ऱ्हायनी का?” ह्यांनी फोन काढून घेतला.

धातूवर ती चकती चालत नाही, हे नंतर एका व्हिडिओत कळलं. आमच्याकडे धातूचं नसलेलं भांडं एकच, प्लॅस्टिकचा टब. तो मात्र फोनने टेकवायच्या आधीच ओळखला. मंडळात टब एकच असल्यामुळे तो आम्हीही ओळखत होतो.

शेवटी झेरॉक्सवाल्याने वाट दाखवली. चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो ना, तो प्रत्येक भांड्याचा वेगळा बनवायचा. त्यात आपल्याला हवा तो मजकूर भरायचा. मी एकेक करून चौसष्ट बनवले. प्रत्येकात भांड्याचं नाव, देणाऱ्या घराचं नाव, खाली ‘महिला मंडळ, नंदुरबार’ आणि माझा फोन नंबर. फोन समोर धरला की सगळं मराठीत येई. मी एकटीच खोलीत बसून चौसष्ट वेळा वाचलं आणि चौसष्ट वेळा मला भरून आलं.

पण झेरॉक्सवाल्याने छापून दिलेल्या ह्या कोडांच्या चिटोऱ्या चिकटेनात. वर्षानुवर्षांचं तेल भांड्यांत मुरलेलं. गल्लीने सल्ले दिले: राख लावा, चिंच लावा, सोडा लावा, विटेचा चुरा लावा. मी कोणाचंच मन मोडलं नाही, सगळंच लावलं. मिरचीचा हंगाम चालू होता, वारा मिरच्या वाळवायच्या पथारींवरून येत होता, म्हणजे आम्ही बाराजणी शिंकत शिंकत दोन दिवस घासत होतो. तिसऱ्या दिवशी भांडी अशी झाली की त्यात बघून केस विंचरावेत. त्यावर चिटोरी, चिटोरीवर पारदर्शक चिकटपट्टी. आता निघायचं नाव नाही.

ह्या चौसष्टांत एक तांब्याचं तपेलं होतं. त्याची गोष्ट वेगळी. ते जन्नतबी खालांचं. खाला आमच्या मागच्या बोळात राहतात. त्यांचे जब्बारमियाँ कल्हईवाले होते, आणि हे तपेलं त्यांनी स्वतः ठोकून घडवलेलं. दहा शेर तांदूळ शिजेल एवढं. जब्बारमियाँ जाऊन चार वर्षं झाली. तपेलं खालांच्या खाटेखाली पडून होतं. मीच मागे लागून ते मंडळात आणवलं. “खाला, वापरात राहील, माझ्या डोळ्यांसमोर राहील,” असा शब्द दिला. त्यावर नाव नव्हतं. तांब्यावर नाव कोरायचं पेन फिरवणं म्हणजे माणसाच्या गालावर फिरवणं, असं जब्बारमियाँ म्हणायचे.

चिटोरी लावताना खाला आल्या. “अगे, ये क्या चिपकाई तू मेरे तपेले कू?”

“बारकोड, खाला. आता हे जगात कुठेही गेलं तरी सापडेल.”

“जाएगा काहे कू?” खाला म्हणाल्या. “पंधरा दिन में पोती का निकाह है, महजबीन का. जर्दे के मीठे चावल इसी में पकेंगे. दादा के हाथ का बर्तन है, दूसरा नहीं चलेगा.”

“नाही जात, खाला,” मी म्हटलं. फार छातीठोकपणे म्हटलं, ते आठवतं.

त्याच आठवड्यात आशाच्या यामिनीचं लग्न होतं. आशा म्हणजे दिलवरसिंग गिराशांची बायको, आमच्या समोरचं घर. मुलगा नवापूरचा, सासऱ्यांचा कोंबड्यांचा मोठा फार्म. आशाने चौसष्टच्या चौसष्ट भांडी नेली. मी दारात उभी राहून एकेक भांडं फोनने टिपून दिलं. टुक्, टुक्, टुक्. हिलाल अण्णा तोंड फिरवून पेपर वाचत होते, पण पेपर उलटा होता.

लग्न झकास झालं. सोमवारी भांडी परत आली. मी फोन घेऊन बसले आणि पहिल्यांदा कळलं की बहुतेकांवर चिटोरीच नाही. चुलीवर चढलेल्यांची जळाली, वाढपातल्यांची घासताना गेली. मग हातानेच मोजली. त्रेपन्न. पुन्हा मोजली. त्रेपन्नच. अकरा भांडी नव्हती आणि त्यात तपेलं नव्हतं.

आशाला हाक मारली. ती आली, तिनेही मोजली.

“वहिनी, तपेलं तर चुलवर चढनंच नही. आचारी म्हने, इतलं नवं कोरं भांडं काय जाळी टाकू? त्याने बाजूले काढी ठेवं.”

“कुठे ठेवलं?”

आशाने तोंडावर पदर घेतला. “आहेरमा.”

मग हळूहळू सगळं उलगडलं. आपल्याकडे नवं भांडं कसं ओळखतात? चकाकतं आणि त्यावर दुकानाची चिटोरी असते. आहेराचं भांडं तर चिटोरी न काढताच देतात, नवं आहे हे दिसावं म्हणून. आशाच्या भावांनी मांडवात फिरून चिटोरी असलेलं भांडं दिसलं की ते आहेराच्या ढिगात नेऊन ठेवलं, आणि रात्री तो ढीग नवरीबरोबर टेम्पोत चढवला. दहा स्टीलची आणि एक तांब्याचं. स्टीलच्या भांड्यांवर नावं होती, पण आहेराच्या भांड्यावरही देणाऱ्याचं नाव असतंच. म्हणजे ज्या भांड्यांवरून माझी अक्कल गळून पडली ती सुखरूप घरी आली होती, आणि जिथे ती घट्ट चिकटून राहिली ती नवापूरला गेली होती.

“मग फोन कर ना त्यांना,” मी म्हटलं. “सांग, चुकून आलीत.”

आशाने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. “वहिनी, तुमना पाय पडस. पोर जाईसन चार दिन व्हयनात. आहेर मांघारे मांगाना? तठे तिले काय म्हनतीन? मायनी दिन्हं आन् मायनीच मांगी लिन्हं. जनमभर आयकाले लागी तिले.”

ती खोटं बोलत नव्हती. दिलेला आहेर परत मागणं आमच्याकडे होत नाही. त्यापेक्षा घर विकतात. आणि इकडे शुक्रवारी महजबीनचा निकाह.

मंगळवारी गल्लीची सभा भरली, म्हणजे आम्ही चौघं हिलाल अण्णांच्या ओट्यावर बसलो. ह्यांनी सुचवलं, तसंच दुसरं तपेलं विकत घेऊन खालांना द्यावं, कळणार नाही. सगळे ह्यांच्याकडे बघत राहिले तेव्हा हे आत जाऊन पाणी प्यायले. अण्णांनी तोवर अर्जाचा मसुदा तयार केला होता. ‘विषय: अनवधानाने भलत्या ठिकाणी उतरवण्यात आलेल्या मालाबाबत.’ त्यात वधूचा उल्लेख ‘सोबतचा प्रवासी’ असा होता. मी तो कागद जपून ठेवला आहे.

मी उठले आणि मागच्या बोळात गेले. खालांना सांगणं भाग होतं. मी उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं, बिस्किटापासून. खाला लसूण सोलत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

“यामिनी के घर गया?”

“हो.”

“किसी चोर के घर तो नहीं गया.” दोन पाकळ्या सोलून झाल्या. मग म्हणाल्या, “सुबू की गाडी कितने बजे है नवापूर की?”

“खाला, मागता नाही येणार. पोरीचं नाव जाईल.”

“मांगने कौन जा रहा? लडकी कू देखने जाते. मेरे आंगन में खेली है वो.”

बुधवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. मी साखरेच्या गाठी आणि साडी घेतली होती. बेत काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. खाला खिडकीत बसून अख्खा रस्ता झोपल्या. मला त्यांचा हेवा वाटला.

यामिनीचे सासरे इंद्रसिंग भाऊ, त्यांचं घर फार्मच्या अलीकडेच. यामिनीची सासू शांतीबाई दारातच उभी. “या, या! सुनना माहेरना मानसं उनात! बसा, पानी लेवा.” समोर बघते तो काय, बैठकीच्या मधोमध टेबलावर, फुलांच्या माळेत, आमचं तपेलं. माझी चिटोरी दर्शनी बाजूला, अगदी सरळ. आजूबाजूला दहा स्टीलची भांडी, पूजेला मांडल्यासारखी.

“दखा,” शांतीबाई कौतुकाने म्हणाली, “इतलं मोठं तांबानं तपेलं आजकाल कोन देस? आशाबाईनं मन मोठं शे. बठ्ठी गल्ली दखाले ई गयी.”

यामिनी चहा घेऊन आली. तिने खालांकडे पाहिलं, मग तपेल्याकडे, आणि चहा जमिनीवरच ठेवला. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. ज्या तपेल्यातल्या जर्द्यासाठी ती लहानपणी ईदच्या सकाळी आधी मागच्या बोळात पळायची, ते तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? आठवडाभर पोर ते घर झाडत होती, तपेल्यावरची धूळ पुसत होती आणि गप्प होती.

खाला उठल्या. टेबलाशी गेल्या. त्यांनी तपेल्याच्या काठावरून हात फिरवला, मग आत घातला, आतून बोट फिरवून ते उजेडात धरून पाहिलं.

“इसमें कुछ पकाई क्या?” त्यांनी शांतीबाईला विचारलं.

“नही व. ऐतवारले पाव्हना ई ऱ्हायनात. कढी करसू म्हनतंय.”

“या अल्ला! कढी?” खालांचा आवाज एकदम खरा चढला. “अंदर की कल्हई पूरी उड गई. नंगा तांबा है. खट्टा डाला तो जहर होता, पूरा घर दवाखाने में!” आणि त्या माझ्याकडे वळल्या. “किसने घिसा ये अंदर से ऐसा?”

राख, चिंच, सोडा आणि विटेचा चुरा माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी साडीच्या घडीकडे पाहायला लागले. ते नाटक नव्हतं, हे सांगायला हवं. खाला तपेलं मागत नव्हत्या. कल्हईवाल्याच्या बायकोला उघडं तांबं दिसलं होतं.

“कल्हईवाला तर आते मिळसबी नही,” शांतीबाई घाबरून म्हणाली.

“मैं करती ना. चालीस बरस भाता मैंने मारा.”

इतका वेळ इंद्रसिंग भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, खिशात फोन. ते उठले. “बरोबर शे,” म्हणाले. “आजच लई जा, खाला. घरमा पोरंसोरं शेतस, भरवसा नही.” त्यांनी स्वतः माळ काढली, तपेलं पोत्यात घातलं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना आणि दोन-तीन पिरांना हात जोडत होते, तोच ते परत टेबलाकडे गेले. परात उचलली. डबे उचलले. एकेक करून दहाही स्टीलची भांडी त्यांनी दुसऱ्या पोत्यात भरली आणि पोतं माझ्यासमोर आणून ठेवलं.

“हाई बी कल्हईले लई जा.”

स्टीलला कल्हई करत नाहीत हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी शांतीबाईकडे पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

“हां, हां,” ती म्हणाली. “येकदाव करी लियेल बरं ऱ्हास.”

यामिनी आत पळाली. न्हाणीत पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ.

भाऊंनी आम्हाला जीपने स्टेशनवर सोडलं. पोती फलाटावर ठेवली. झाल्यावर कळवते म्हणून मी त्यांना माझा फोन नंबर सांगायला लागले. चार आकडे झाले असतील.

“शे मन्हाजोडे,” ते म्हणाले.

“कसा?”

“तपेलावर व्हता.” ते रुळांकडे बघत होते. “आमनाकडे खाद्यना पोतावर, औषधना खोकावर, बठ्ठावर तो ठिपकास्ना चौकोन ऱ्हास. सवय शे. टेम्पो उतारा तव्हयच फोन धरा. जन्नतबी, मंडळ, बठ्ठं उनं.” मग जरा थांबून, “म्या घरमा कोनले सांगं नही. कसं धाडू तेच समजे ना. पोर बिचारी दहशतमा. तुम्ही उनात, बरं व्हयनं.”

त्या चिटोऱ्यांवर अख्खी गल्ली हसली होती. नवापूरच्या एका कोंबडीवाल्या माणसाने मात्र फोन धरून ती वाचली होती आणि वाचून झाल्यावर आठवडाभर गप्प बसून कोणाची तरी इज्जत राखली होती. मी हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि जीप काढून गेले, कोंबड्यांना पाणी द्यायची वेळ झाली होती.

गाडीत तिकीट तपासनीस आला. दोन पोती, आत चकाकती भांडी, प्रत्येकावर बारकोड. “दुकानचा माल? बिल दाखवा.”

“घरचीच भांडी आहेत, साहेब.”

“घरच्या भांड्यावर बारकोड असतो का, बाई?”

ह्या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं. मी फोन काढला आणि परातीसमोर धरला. टुक्. तपासनीसाने वाकून वाचलं: ‘परात, मोठी. आशाबाई दिलवरसिंग गिरासे. महिला मंडळ, नंदुरबार.’ त्याने स्वतःच दुसरं भांडं पुढे केलं. टुक्. मग तिसरं. समोरच्या बाकावरची माणसंही बघायला लागली. तो म्हणाला, “आमच्या घरी माझी आई आणि काकू ह्याच्यावरूनच भांडतात. कसं बनवायचं हे?” नंदुरबार येईपर्यंत मी त्याला शिकवलं. खाला पुन्हा झोपल्या होत्या.

गुरुवारी त्यांनी अंगणात खड्डा केला, कोळसे पेटवले. भाता मी मारला. नवसागराच्या धुराने डोळे चुरचुरत होते. कथील फिरवलं आणि तपेलं आतून चंद्रासारखं पांढरं झालं. शुक्रवारी त्यात जर्दा शिजला. महजबीनने पहिला घास दादाच्या नावाने बाजूला काढला. मी तीन वाट्या खाल्ल्या, लाज न बाळगता.

शनिवारी खालांनी निरोप पाठवला: गाडी बघ, नवापूरला जायचंय.

“आता कशाला?”

“बर्तन देने कू.”

“खाला, त्यांनी ओळखूनच दिलंय. तुमचंच आहे ते.”

“मूं से क्या बोलके दिया?” खालांनी तपेलं धडप्यात बांधायला घेतलंही होतं. “कल्हई बोलके. कल्हई कू आया बर्तन गिऱ्हाईक के घर वापस जाता. मेरे मियाँ ने जिंदगी में किसी का एक चम्मच नहीं रखा. मैं रखूं?”

मी खूप वाद घातला. खालांनी ऐकलं नाही. नवापूरला इंद्रसिंग भाऊंनी दारात तपेलं पाहिलं आणि ते पायऱ्या उतरून पुढे आले. “खाला, हाई तर तुमनं…”

“कल्हई एक साल चलती,” खाला मोठ्या आवाजात शांतीबाईला सांगत होत्या. “अगली ईद के पहले फिर करनी पडेगी. बहू लेके आएगी. उसी के हाथ से लूंगी, दूसरे के नहीं. आठ दिन तो लगतेच काम कू.”

“आठ दिन?” शांतीबाई म्हणाली.

“भीड रहती.”

खालांकडे कल्हईला वर्षातून एक भांडं येतं, ते मला माहीत होतं. यामिनीला माहीत होतं. शांतीबाईलाही, मला वाटतं, तेव्हाच माहीत झालं. ती म्हणाली, “धाडसू. दहा दिन ऱ्हायनी तरी चाली.” परत आल्यावर मी हे आशाला सांगितलं तेव्हा ती आमच्या ओट्यावर बसून इतकी रडली की हिलाल अण्णांना पेपर सरळ धरून वाचावा लागला.

स्टीलची दहा भांडी आता मंडळाच्या खोलीत आहेत. इंद्रसिंग भाऊ दर महिना-दोन महिन्यांनी फोन करतात. कोंबड्यांची चौकशी मी करते, मिरचीची ते करतात, आणि शेवटी ते गंभीर आवाजात विचारतात, “वहिनी, व्हई गयी का कल्हई?”

“व्हई ऱ्हायनी, भाऊ,” मी सांगते. “स्टील शे. टाइम लागस.”